प्रल्हादची हत्यारांची गुंडाळी

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, देवपूरच्या घराच्या पायरीवर बसून माझ्या गाडीचा प्लग पुसत होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा. "भाऊ, हे गेले," एवढंच म्हणाल्या... सकाळचा चहा पिऊन खुर्चीतच मान टाकली, डॉक्टर जिना चढेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी "निघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर पहिला विचार जो मनात आला तो लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, चला, आता जळगाव-धुळे रस्त्यावर गाडी दुरुस्त करण्यात माझ्या वरचढ कुणी उरला नाही. दुसरा विचार आला तेव्हा मात्र हातातला प्लग पायरीवर पडला. मला प्रल्हादला एक गोष्ट सांगायची होती. अकरा वर्षं सांगायची होती, आणि आज सांगू, उद्या सांगू करत ती राहूनच गेली.

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर बसायला येतात. प्रल्हादच्या दारावर मी रोज जात होतो, मुक्कामच केला होता म्हणा ना. येणारे निम्मे लोक ना त्याच्या नात्यातले, ना नोकरीतले. धरणगावकडचा एक दूधवाला आला, त्याची क्लच वायर तुटली होती. एक शिक्षक आणि त्यांची बायको आली, लग्नाला जाताना भर उन्हात गाडी बंद पडली होती. एक कापसाचे व्यापारी आले आणि ओक्साबोक्शी रडले. प्रत्येकाची गोष्ट तीच... आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो, प्रल्हादभाऊ थांबले, ती हत्यारांची खाकी गुंडाळी सोडली, आणि अर्ध्या तासात गाडी चालू. मी कोपऱ्यात सतरंजीवर बसून ऐकत होतो आणि माझ्या पोटात दुखत होतं. तीस वर्षांचा मित्र मी, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी त्या दूधवाल्यानेच विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, मित्र. तो म्हणाला, "आम्ही बी मित्रच." उठून त्याच्या कानाखाली द्यावी असं वाटलं मला. दारावर बसलेल्या माणसाच्या मनात असले विचार येऊ नयेत, पण येत होते.

प्रल्हाद आणि मी शेतीपंप विकणाऱ्या एकाच कंपनीत लागलो. तो जळगाव-एरंडोलकडे, मी धुळे-साक्रीकडे. काम म्हणजे विकणं थोडं आणि तक्रारी बघत बांधाबांधाने फिरणं जास्त. आठवड्यातून एकदा पारोळ्याला भेटायचो, हिशेबाचे कागद एकमेकांना द्यायचो आणि भजी खायचो. माझी गाडी साडेतीनशे सीसीची, जड, तिचा आवाज ऐकून लोक मागे वळून बघायचे. त्याची शंभर सीसीची, अंगाने किडकिडीत, त्याच्यासारखीच. माझ्या गाडीच्या मागे लाल लोखंडी पेटी होती, तिच्यात चाळीस नगांचा संच, चकचकीत, प्रत्येक पाना आपापल्या खोबणीत. त्याच्याकडे होती ती गुंडाळी. जुनी खाकी पँट मांडीशी फाटली तेव्हा वहिनींनी तिच्यातूनच शिवून दिलेली, कप्पे पाडून, वर बांधायला नाडी. आत दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा, मागच्या चाकाच्या नटाचा एक मोठा, प्लग पाना, पक्कड, दोन्ही तोंडांचा पेचकस आणि टायर उचकटायची एक सळई. शिवाय ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या आणि एक चपटी पत्र्याची डबी, गोळ्यांची. डबीत, नसल्या तर जीव जाईल अशा बारीक वस्तू... दोन फ्यूज, क्लच वायरच्या टोकाचा स्क्रू, जुन्या वायरीचे सुटे केलेले दोन बारीक तंतू आणि चेन लॉक. चेन लॉक म्हणजे चेन तुटली तर दोन टोकं जोडायची कडी, बोटाच्या पेराएवढी. बस. सुटी क्लच वायरसुद्धा तो गुंडाळीत ठेवत नसे. ती आधीच जुन्या वायरीच्या कडेने ओवून ठेवलेली असे, म्हणजे जुनी तुटली की नुसती टोकं बदलायची.

ही हत्यारं त्याने निवडली कशी, ते सांगायलाच हवं. घरी गाडीचं कुठलंही काम करायचं ते फक्त त्या गुंडाळीतल्या हत्यारांनी, हा त्याचा नियम. घरात दुसरे पाने पडलेले असले तरी त्यांना हात लावायचा नाही. आणि वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी जेवढी खोलता येईल तेवढी खोलायची. गुंडाळीने एखादा नट सुटला नाही तर त्याचा पाना आत यायचा. वर्षभरात जे एकदाही लागलं नाही ते बाहेर जायचं, मग ते कितीही भारी असो. मी एकदा त्याला माझ्या संचातला एक सुंदर रॅचेट, नटावरून न काढता फिरवायचा पाना, देऊ केला. त्याने हातात घेऊन फिरवला, टकटक आवाज ऐकला, आणि परत दिला. म्हणाला, "मधू, घरमा जे हत्यार लागनं नही, ते रस्तावर कसाले?" मला राग आला. रॅचेट नाकारला म्हणून नाही, तो बरोबर बोलला म्हणून.

आता आबांकडे येतो, कारण खरं दुखणं तिथलं आहे. आबा म्हणजे माझे वडील. पारोळ्याला किल्ल्याच्या खंदकापासून जरा पुढे त्यांचं गॅरेज होतं, चाळीस वर्षं चाललं. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, पण मला त्यांनी गॅरेजात कधी पाना धरू दिला नाही. हात पुढे केला की म्हणायचे, "तुना हात पेनना शे, पानाना नही." लोक म्हणतात, बापाने तुला शाळा शिकवायचं ठरवलं होतं, त्यात काय वाईट. मला मात्र ते नेहमी असंच ऐकू आलं की तुला जमणार नाही. नोकरी लागल्यावर मी ती जड गाडी घेतली, लाल पेटी घेतली, पुस्तकं वाचून वाचून कार्ब्युरेटर पाठ केला, ते सगळं एका माणसाने एकदा मान डोलवावी म्हणून. पेटी पहिल्यांदा अंगणात उघडली तेव्हा आबा लांबूनच म्हणाले, "इतला पाना कसाले रे? दुकान लावनं शे का?" आणि पुन्हा पत्ते खेळायला बसले.

प्रल्हादला घरी मीच आणलं. ती आखाजी होती. आमच्याकडे आखाजीला बाया झोक्यावर असतात आणि पुरुष पत्त्यांवर. आबा एकदा डावाला बसले की घरात साप निघाला तरी उठायचे नाहीत. प्रल्हादने आपला गोणपाट अंगणात अंथरला, गुंडाळी सोडली आणि गाडी खोलायला घेतली. थोड्या वेळाने बघतो तर आबा हातातली पानं तशीच टाकून बाजेवर येऊन बसलेले. नुसते बघत होते. प्रल्हादने मागचं चाक काढलं, चेन उतरवली, धुतली, परत चढवली, आणि कुठलाही पाना दुसऱ्यांदा शोधला नाही. तेव्हा आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडी याना हात वळखस." माझ्याकडे वळून! म्हणजे गाडी याचा हात ओळखते, हे मला सांगायलाच म्हणाले. तिथून पुढे दर आखाजीला प्रल्हाद पारोळ्याला येऊ लागला, आमरस आमच्या घरी जेवू लागला, आणि आबा महिनाभर आधीपासून विचारू लागले की तो येतो आहे ना. मी येतो आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी तर येणारच होतो.

बरं, माणूस वाईट असता तर द्वेष करणं सोपं गेलं असतं. एकदा आम्ही दोघं धुळ्याहून पारोळ्याला येत होतो आणि मुकटीच्या अलीकडे माझी गाडी फुरफुरून बंद पडली. कार्ब्युरेटरमधला जेट, पेट्रोलची बारीक नळी, तुंबला होता. चाळीस नगांत सगळं होतं, जेटच्या भोकातून जाईल अशी बारीक तार तेवढी नव्हती. प्रल्हादने डबीतला तो वायरीचा तंतू काढला, जेट साफ केला, आणि गाडी पहिल्या किकला लागली. पुढे घरी पोचेपर्यंत मी वाट बघत होतो की हा आता आबांना सांगणार. त्याने सांगितलं नाही. आबांनी उशीर का झाला विचारलं तेव्हा म्हणाला, "मीच थांबनू, आबा, तंबाखू खावाले." तंबाखू तो खातही नव्हता. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं...

अकरा वर्षांपूर्वीच्या आखाजीला मी ते केलं. प्रल्हादची गाडी जोडून झाली होती, हत्यारं पुसून गोणपाटावर मांडलेली होती, डबीत भरायचं सामान झाकणात काढून ठेवलेलं. जेवायची हाक आली, तो हात धुवायला गेला, आबा आत गेले. मी एकटा होतो. झाकणातलं चेन लॉक उचललं आणि खिशात घातलं. बाकीचं डबीत भरून झाकण लावलं आणि वर ट्यूबची पट्टी चढवून ठेवली, मित्राला मदत केल्यासारखी. त्याच्या वाटेत खोडा घालायचा माझा विचार नव्हता, देवाशपथ नव्हता. मला एवढंच हवं होतं की पुढच्या आखाजीला आबांसमोर डबी उघडावी आणि एक वस्तू कमी निघावी. आबांनी एकदा, फक्त एकदा, त्याच्याकडे बघून भुवई चढवावी. डबी तो वर्षातून एकदाच तपासतो, हे मला माहीत होतं. मधल्या वर्षभरात चेन तुटू शकते हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. खरा मेकॅनिक असतो तर तो आधी आला असता. आबा म्हणायचे ते खोटं नव्हतं.

भाद्रपदात आबा आजारी पडले. धुळ्याला दवाखान्यात ठेवलं, दोन दिवसांत बोलणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडून म्हणाले, "प्रल्हादले बलाव." मी फोन केला, पण आबा आजारी आहेत एवढंच सांगितलं. तो नऊला जळगावहून निघाला. साडेदहाच्या सुमारास त्याचा फोन... एरंडोल सोडून पुढे आल्यावर चेन तुटली होती. म्हणाला, "मधू, डबीमा लॉक नही रे. कसं काय नही?" मी खोलीबाहेर व्हरांड्यात उभा होतो. ते लॉक धुळ्यातच होतं, माझ्या घरी, टेबलाच्या खणात. पारोळ्यात आमची माणसं होती, एक फोन केला असता तर कुणीही त्याला गाडीवर घेऊन आलं असतं. मी म्हणालो, "ये सावकाश. आबा बरे आहेत." हे का म्हणालो ते मला तेव्हाही कळत होतं. बापाजवळ मला एकट्याला बसायचं होतं.

बसलो. आबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "प्रल्हाद ऊना का?" मी म्हणालो, येतोय. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि ते दाराकडे बघत होते. मला वाटत होतं, आबा, मी आहे ना इथे, एकदा माझं नाव घ्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "ऊना, आबा. खाले गाडी लाई ऱ्हायना." त्यांनी मान किंचित तिरपी केली, जणू खालून इंजिनाचा आवाज येतो का ते ऐकत होते. तसं ऐकता ऐकताच ते गेले.

प्रल्हाद तासाभराने आला. बंद गाडी ढकलत एका ढाब्यापर्यंत नेली होती, तिथून एसटीने आला. हात कोपरापर्यंत काळे, काखेत गुंडाळी. आबांच्या पायांना हात लावायच्या आधी बाहेर जाऊन साबणाने हात धुऊन आला. नंतर व्हरांड्यात माझ्या शेजारी बसला आणि विचारलं, "आबा काही बोलनात का?" मी म्हणालो, "नाही. शुद्धीवर नव्हते." त्याने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. चोरी मी केली ती रागाच्या भरात केली असं म्हणता येईल, पण हे खोटं मी शांतपणे बोललो. आबांचं जे काही शेवटचं होतं ते त्याचं होतं, आणि ते मी माझ्याजवळ ठेवून घेतलं. माझ्या काही उपयोगाचं नव्हतं, तरी ठेवून घेतलं.

पुढच्या आखाजीपासून गाडी खोलायचं काम जळगावला त्याच्या अंगणात होऊ लागलं. मी जात राहिलो. पहिल्या वर्षी त्याने माझ्यासमोर डबी उघडली, नवं चेन लॉक आत ठेवलं आणि झाकण लावलं. त्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं की नाही हे मला माहीत नाही, कारण मी खाली बघत होतो. त्याच्या वागण्यात काडीचा फरक पडला नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तीन दिवस राबला, माझं ऑपरेशन झालं तेव्हा रोज डबा घेऊन आला. आणि दर वेळी, तो आला की मला वाटायचं आज सांगून टाकू, आणि तो उठून गेला की वाटायचं, बरं झालं नाही सांगितलं. आबांनी त्याला बोलावलं होतं हे ऐकून त्याचा चेहरा कसा उजळला असता ते मला बसल्या जागी दिसायचं. तो उजळलेला चेहरा मला बघायचा नव्हता. इतकं साधं आहे ते.

यंदाच्या आखाजीला प्रल्हादची पहिली घागर होती. गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे त्या दिवशी मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पाट मांडून नैवेद्य दाखवतात. मी सकाळीच जळगावला पोचलो. वहिनींनी घागर भरली, डांगर ठेवलं, आणि मग अंगणातल्या गाडीकडे बघून म्हणाल्या, "ह्यांचं दर सालचं काम तेवढं राहिलं." मी गोणपाट मागून घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदा ती गुंडाळी माझ्या हाताने सोडली. वहिनी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, त्यांना यंत्राचं भय नाही, शेजारी बसून त्या चिंध्या देत होत्या. सांगायला हवं म्हणून सांगतो, हात घालीन तिथे हवा तो पाना येत होता. काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र दात खाऊन एकेक नट सोडत होतो... चेन हातात आली आणि मी थांबलो. लॉक चोरल्यापासून व्हरांड्यात बोललेल्या खोट्यापर्यंत सगळं वहिनींना सांगून टाकलं. चेनकडे बघत सांगितलं, त्यांच्याकडे नाही.

वहिनी हातातली चिंधी घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लॉकचं त्यांना माहीत होतं, भाऊ. आबा गेले त्याच दिवशी रात्री घरी येऊन म्हणाले, हे मधूचंच काम. हसले वर. म्हणाले, बापासाठी केलं त्याने, जाऊ दे." मला वाटलं, सुटलो. पण त्या थांबल्या नव्हत्या. "दुसरी गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागून होती. दर आखाजीला तुम्ही गेल्यावर म्हणायचे, आबांना शेवटी माझी आठवणसुद्धा झाली नाही गं. एवढ्या वर्षांचा जीव, आणि एकदा नावसुद्धा घेतलं नाही. मी समजूत काढायची की ते शुद्धीवर नव्हते. म्हणायचे, हो, खरंय. पण पुढच्या आखाजीला पुन्हा तेच."

मी म्हणालो, "वहिनी, तीनदा विचारलं होतं हो."

"मला काय सांगताय?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण इतक्या वर्षांत त्या माझ्याशी अशा कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी आतल्या खोलीकडे, घागरीकडे हात केला. "त्यांना सांगा."

मी तसाच उठलो. हात चेनच्या तेलाने काळे झालेले, ते पाठीमागे धरले आणि घागरीसमोर बसलो. आमच्या दोघांच्या भाषेत म्हणालो, "प्रल्हाद, आबांनी तुले इचारं व्हतं. तीनदा इचारं." शब्द एवढेच होते. अकरा वर्षं जे पेलवलं नाही ते बोलायला श्वासभरसुद्धा वेळ लागला नाही. डोळ्यांत पाणी आलं, हे खरं. आणि "तुले" म्हणताना पोटात तीच जुनी कळ आली, हेही खरं. आबांनी त्याला विचारलं होतं, तुला नाही, असं कुणीतरी माझ्याच कानात म्हणत होतं.

संध्याकाळपर्यंत गाडी जोडून झाली. हत्यारं पुसून, आपापल्या कप्प्यात घालून मी नाडी बांधली. वहिनींनी गुंडाळी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि माझ्यापुढे धरली. "घेऊन जा. तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे ती." तीस वर्षं मला दुसरं काही हवं नव्हतं. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. वहिनींचा हात दुखायला लागेपर्यंत त्यांनी ती तशीच पुढे धरून ठेवली, आणि माझा हात काही केल्या उचलेना.